सात मिनिटांचा रस्ता

जीप परत वळणावर उलटली. चारी चाकं आभाळाकडं करून पडद्यावर पडली, अन् ग्यानोबानं टेबलावरचं प्लास्टिकचं स्टेअरिंग उपटायचंच बाकी ठेवलं.

"तुझं मशीनच खोटं हाय."

"मशीन बराबर हाय, आबा," आरोही म्हणाली.

गेम वीस वर्षांपूर्वीचा, परदेशी शर्यतींचा. नातीनं महिनाभर खपून त्यात आखाडा बाळापूर ते वारंगा फाटा असा जुना रस्ता बसवला होता. वळणापलीकडचं लिंबाचं झाड, खड्डे, आबांची जीप, तिचं वजन, टायरची पकड, सगळं मोजूनमापून.

तिथंच पंचाईत झाली. चाळीस वर्षं ग्यानोबा सांगत आला होता: बायकोला, चांगुणाला, कळा सुटल्या तवा फाट्यावरच्या दवाखान्यात सात मिनिटांत नेली. वळणावर चाकं भुईला लागलीच न्हाईत. एक म्हैस तर जीपखालून निघून गेली. आज पाच वाजता जळबा अन् खेमा, त्याच्या जोडीचे जुने ड्रायव्हर, तेच बघायला येणार होते. बोलावलं त्यानंच.

पावणेपाच झाले. तो अंगणात गेला. चप्पल घातली, काढली, परत घातली.

चांगुणा भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन नातीपाशी टेकली.

"ती टायरची पकड वाढवता येती का गं?"

"येती. एक आकडा बदलायचा. पण मग ते खोटं होईल, आजी."

"खरं लई अलग हाय." तिनं शेंग फोडली, गालात हसली. "जीप बंद पडली व्हती. हे ढकलून राहिले अन् रडून राहिले. तुझा बाप त्या लिंबाखालीच झाला, जीपमधी. बोलू नको कुठं."

आरोहीनं आकडा बदलला.

पाहुणे आले, बसले. ग्यानोबानं स्टेअरिंग धरलं. जीप सुसाट निघाली. वळण आलं, अन् डिंक लावल्यागत रस्त्याला चिकटून पार झाली.

"वा रे पठ्ठ्या!" जळबानं मांडीवर थाप मारली. "पाच मिनिटं बी न्हाई झाली!"

ग्यानोबानं नातीकडं बघितलं. ती नखं बघत होती. मग त्यानं दाराकडं बघितलं, अन् ब्रेक दाबला. जीप लिंबाखाली थांबली.

"काहून थांबला? घड्याळ पळून राहिलं!" खेमा ओरडला.

ग्यानोबानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. सातवं मिनिट लागलं, गेलं.

दारातून चांगुणा म्हणाली, "मग उतरा की. ढकला."