उंच गाडीचा जुना सांधा

“हलव,” हे गाडीखालून म्हणाले, आणि मी स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत राहिले. लग्न झाल्यापासून गॅरेजात माझी हीच नोकरी. मिस्तरी पाठीवर पडून एकेका सांध्यावर बोट ठेवणार, आणि मी वर बसून हलवणार. सांध्यातली ढिलाई डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळते. शाळा मला फारशी झेपली नाही, पण हे काम कुणा शिकलेल्याकडे मी सोडलेलं नाही.

गाडी लेकीची. डोंगरावरच्या टॉवरकडे ती कामगारांची ने-आण करते. दगडांना पोट घासतं म्हणून तिने गाडी वीतभर उंच करून घेतली, तीही दुसरीकडून, कारण बाप नको म्हणाला होता. कार्टीने जन्मात कधी उंच टाचेची चप्पल घातली नाही, गाडीला मात्र घातली. तेव्हापासून जरा वेग घेतला की स्टिअरिंग थडथडायचं. यांनी एकदा वाकून पाहिलं आणि सांगितलं, चाकं वळवणारी सळई आधी आडवी होती, ती आता घसरगुंडीसारखी तिरकी झालीय; खड्डा आला की तीच चाकाला ओढते. मग जाड सळई आणून तिचं टोक चाकाजवळ खालच्या अंगाने न लावता वरून लावलं. सळई पुन्हा आडवी झाली. डोकं अजून लख्ख आहे माणसाचं.

आता स्टिअरिंगच्या जुन्या सांध्यांतले कुठले ठेवायचे, एवढंच बघायचं राहिलं होतं. सकाळी गाडी माणसं घेऊन वर जाणार होती.

“तुझ्या बाजूचा बरा आहे,” हे म्हणाले. “राहू दे.”

माझ्या तळहातांना ते पटेना. स्टिअरिंग मधेच रिकामं फिरत होतं, आणि मग हाताला टक्क लागत होतं. शेजारच्या ग्राइंडरच्या कलकलाटात सांध्याचा आवाज कुणालाच ऐकू येत नव्हता. मी दारातून वाकून खाली पाहिलं. यांचं बोट बरोबर त्या सांध्यावरच होतं. मी हलवलं की सांधा बोटाखाली उडत होता, आणि हे शांत.

परवा गरम सायलेन्सरला हात टेकून हे गिऱ्हाइकाशी बोलत राहिले होते. जळका वास मला आला, यांना नाही. लक्ष कुठे असतं म्हणून मी तेव्हा फाडफाड बोलले. लक्ष जागेवरच होतं. साखरेच्या दुखण्याने बोटांतली जाणीव गेली होती.

लेक काच पुसत होती. “बाबा, पक्कं ना?”

“पक्कं.”

मिस्तरींनी पक्कं म्हटलेलं या गल्लीत कुणी पुन्हा तपासत नाही. मी लेकीसमोर बोलले असते तर हे कायमचे उठले असते त्या जमिनीवरून, पुन्हा गाडीखाली गेले नसते. न बोलावं, तर सकाळी ती कड्याच्या कडेने जाणार. मी कुरकुरायला लागले, ते मला चांगलं जमतं. सीट उंच, गुडघे दुखतात, पोरीने गाडी आणली की माडी.

“माझ्याने इथे बसवत नाही. तुम्ही या वर, मी जाते खाली.”

लेक हसली. “आई, तू गाडीखाली?”

“का गं? जमिनीवर लोळायला पदवी लागते?”

हे सावकाश बाहेर सरकले, उठून बसले. माझ्याकडे पाहिलं नाही, आपल्या बोटांकडे पाहिलं. मग लेकीला म्हणाले, “तुझ्या आईच्या गुडघ्यांचं काही खरं नाही,” आणि स्टुलावर पाय ठेवून वर चढले.

मी पदर खोचून खाली गेले, सांध्यावर बोट ठेवलं. वरून हे हलवायला लागले. बोटाखाली बेडकी धरावी तसा सांधा उसळत होता.

“काय म्हणतोय?” यांनी विचारलं.

“तुम्हीच सांगा. स्टिअरिंग तुमच्या हातात आहे.”

मग पुन्हा डावीकडे, उजवीकडे, अगदी हळू, मनगटाने ऐकत असल्यासारखं.

“काढायला हवा,” हे म्हणाले.

नवा सांधा लेकीने आणि मी बसवला. कुठला नट किती आवळायचा, ते हे वरून सांगत गेले, आणि आम्ही निमूट ऐकलं.

संध्याकाळी नळावर रोजच्यासारखे आधी हे गेले. साबणाची पूड घेऊन बोटांच्या बेचक्यांतून, पार कोपरापर्यंत घासत राहिले. हातांवर आज ग्रीसचा डागसुद्धा नव्हता. माझे मनगटापर्यंत काळे झाले होते. टॉवेल मळू नये म्हणून तो कोपरावर टाकून मी मागे उभी राहिले, यांचं होईपर्यंत.