वीरचं कोपर

सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि घरी आल्यावरही तो सुटत नाही. माझ्या नवऱ्याच्या, सुमंतच्या शर्टाचं चुकलेलं बटण, लोकांच्या पूजेत उलटी ठेवलेली सुपारी, सगळं मला दिसतंच. तेव्हा मे महिन्यातल्या त्या शनिवारी प्रतापच्या घरी सत्यनारायणाला जे दिसलं, ते मी मुद्दाम बघायला गेले नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्यावर भलताच आरोप झाला.

प्रताप आणि दीपा हे आमचे इथले, अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधले, सगळ्यात जुने मित्र. त्यांचा वीर आणि आमचा सिद्धेश शाळेच्या एकाच बेसबॉल संघात, दोघंही पिचर. म्हणजे मैदानाच्या मधोमध मातीच्या उंचवट्यावर उभं राहून समोरच्या बॅटवाल्याकडे बॉल फेकणारे. वीर अकरावीत असूनही संघाचा पहिला पिचर होता. आमचा बारावीतला असून दुसरा. दुसऱ्याला बॉल मिळतो तो पहिला थकला तर, आणि वीर कधी थकत नसे. सिद्धेशचा शाळेतला हा शेवटचा मोसम. पुढे कुठलं कॉलेज त्याला बेसबॉलसाठी घेणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. तरी तो रोज सरावाला जायचा आणि रोज बाकावर बसून यायचा. मला त्याचं वाईट वाटायचं. अगदी मनापासून वाटायचं, ते कशाला लपवू?

आरती झाली आणि दीपाने तीर्थाची वाटी माझ्या हातात दिली. "तू दे गं, मी शिऱ्याकडे बघते." मुलं ओळीने आली. वीरने डावा हात पुढे केला.

"उजवा रे बाबा," मी म्हटलं. "अमेरिकेत जन्मलास म्हणून सूट नाही."

सगळे हसले. तोही हसला आणि त्याने उजवा हात पुढे केला. पण हात पुरता पुढे आलाच नाही. कोपर वाकलेलंच राहिलं आणि तळवा माझ्यापर्यंत आणण्यासाठी त्याने कमरेतून सगळं अंग पुढे झुकवलं. मी पळी ओतली. मग तळवा तोंडाशी नेण्याऐवजी त्याने मानच खाली नेली आणि तीर्थ घेतलं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय भक्तिभावाने नमस्कार करतोय पोरगा. दीपाला तसंच वाटलं, कारण ती कौतुकाने बघत होती. मी मात्र पळी तशीच धरून उभी राहिले. सतरा वर्षांच्या मुलाचा हात सरळ होत नव्हता आणि तोंडाशीही येत नव्हता.

गाडीत बसल्याबसल्या मी सिद्धेशला विचारलं.

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "एव्हरीबडी नोज, आई. तो दात पण लेफ्ट हँडने ब्रश करतो."

"सगळ्यांना माहितीये? मग कोचला?"

"कोच विचारतात, हाउ डू यू फील? तो म्हणतो, गुड."

शाळेच्या सामन्यात एका मुलाने किती बॉल टाकायचे याला मर्यादा असते आणि कोच डॉनली ती काटेकोर पाळायचे. पण रविवारी वीर बाहेरच्या क्लबकडून खेळायचा आणि बुधवारी एका खाजगी शिक्षकाकडे तळघरात सराव करायचा. क्लब शाळेचे बॉल हिशेबात धरत नव्हता, शाळा क्लबचे धरत नव्हती आणि तळघरातले तर कुणीच धरत नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या जागी नियमाने वागत होता. हात मात्र पोराला एकच होता.

सोमवारी मी प्रतापला गाठलं. सराव संपायची वाट बघत तो मैदानाबाहेर गाडीशी उभा होता. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, वीरचा हात सरळ होत नाहीये, शुक्रवारची फायनल विसर आणि आधी डॉक्टरला दाखव.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"अगं, पिचर आहे तो. पिचरचे हात दुखतातच. क्लबला कॉलेजचे दोन कोच त्याला बघायला येऊन गेले. आता त्यांना काय सांगू, आमचा हात दुखतोय, थांबा? सीझन संपला की दाखवतो ना, प्रॉमिस."

"दुखतोय असं नाही म्हणत मी. सरळ होत नाहीये."

त्याने हातातल्या किल्ल्या खेळवल्या. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आश्लेषा, सिद्धेशचं सिनिअर इयर आहे. तुला काय वाटत असेल ते मी समजू शकतो."

"काय वाटत असेल मला?"

"जाऊ दे ना यार. आपण इतक्या वर्षांचे मित्र आहोत."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरी येईपर्यंत मी एकटीच गाडीत त्याला अशी काही उत्तरं देत होते की विचारू नका. रात्री जेवताना सुमंतला सगळं सांगितलं. सुमंत शांत माणूस आहे, आणि अशा वेळी त्याचा शांतपणाही मला सोसवत नाही.

"मी कोचला ईमेल करते," मी म्हटलं.

"कर. पण पाठवलीस की वीर बसणार आणि सिद्धेश खेळणार. मग प्रताप म्हणाला तेच खरं वाटणार सगळ्यांना."

"वाटू दे!"

"आणि सिद्धेशला? त्या मुलांमध्ये त्याला वावरायचंय, तुला नाही."

सुमंतचं चुकत नव्हतं आणि माझंही चुकत नव्हतं. त्यातून दीपाला दोनदा फोन लावला, तिने उचलला नाही. म्हणजे प्रतापने घरी जाऊन सांगितलं होतं. जिन्यात पावलं वाजली तेव्हा कळलं, सिद्धेशने सगळं ऐकलं होतं. तो आत आला. फ्रीजमधून दूध घेऊन वर निघून गेला.

गुरुवारी रात्री मी ठरवलं, लोक काय वाटेल ते म्हणोत, सकाळी कोचला फोन करायचा. सकाळी फोन लावला तर कोच म्हणाले, "तुमचा मुलगा आणि वीर दोघं माझ्यासमोरच बसलेत. नंतर बोलू या का?" दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं.

संध्याकाळी मैदानावर गेलो तर उंचवट्यावर तिसराच मुलगा. दहावीतला, एरवी तिसऱ्या बेसवर बॉल अडवायला उभा राहणारा किडकिडीत पोरगा घाबऱ्याघुबऱ्या बॉल टाकत होता. वीर अंगावर जाकीट घालून बाकाच्या एका टोकाला बसला होता आणि सिद्धेश दुसऱ्या टोकाला. मला काही समजेना. वीर बसला म्हणजे सिद्धेश खेळणार, यात कुणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती. मी तर त्या आशेने, खरं सांगते, त्या आशेने माझी जुनी लाल टोपी घालून आले होते, तो मला लांबून ओळखायचा म्हणून.

प्रताप तरातरा जाळीपाशी आला. "झालं समाधान?" त्याने मोठ्याने विचारलं. चार लोकांनी वळून पाहिलं. मग त्याचीही नजर उंचवट्यावर गेली, तिथून बाकावर बसलेल्या सिद्धेशकडे गेली आणि त्याचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. तो परत जाऊन दीपाशेजारी बसला.

पहिले काही डाव कसेबसे निभावले. मग त्या दहावीतल्या मुलाला मार बसायला लागला. समोरचा संघ आनंदाने ओरडत होता आणि आमच्याकडचे पालक एकमेकांना विचारत होते, दुसरा पिचर आहे ना, मग बसवून का ठेवलाय? कोच डॉनली बाकाच्या टोकाला गेले आणि सिद्धेशसमोर उकिडवे बसले. ते बोलत होते. सिद्धेशने मान हलवली. ते आणखी काही बोलले. सिद्धेशने पुन्हा मान हलवली आणि हातातला ग्लोव्ह काढून शेजारी ठेवला.

"हा काय करतोय?" मी सुमंतला विचारलं. "अरे, ते त्याला बोलावतायत! हा नाही म्हणतोय!"

सुमंतने माझा हात धरून ठेवला. धरला नसता तर मी जाळीपाशी जाऊन ओरडले असते. आम्ही हरलो. सपशेल हरलो.

गाडीत सिद्धेश मागे बसला. मी काही न विचारता राहीन असं सुमंतला वाटलं असेल, तर तो मला ओळखत नाही.

"वीरचा हात कोचने पाहिला ना? मग तुझं काय अडलं होतं?"

हळूहळू, अर्धं इंग्रजीत आणि अर्धं माझ्यासाठी मराठीत, त्याने सांगितलं. तो बुधवारी वीरला म्हणाला होता, कोचकडे जाऊ या. वीर म्हणाला, तुला फक्त बॉल हवाय. जे प्रताप काका म्हणाले, तेच. "मग मी त्याला प्रॉमिस केलं. तू आलास तर मी फायनलमध्ये बॉलला हात लावणार नाही. देन ही केम विथ मी. ऑफिसमध्ये कोचने त्याला दोन्ही हात समोर स्ट्रेट करायला सांगितले. एक झाला, एक नाही झाला. वीर खूप रडला, आई."

"पण मग हात दिसल्यावर... कोच इतकं विनवत होते. वीरलाही वाटलं असेल की तू जा म्हणून."

"तो काही म्हणाला नाही. आणि मी प्रॉमिस केलं होतं."

मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही, पण नंतर. त्या क्षणी मला नुसता राग आला होता. प्रतापचा, कोचचा, वीरचा आणि सगळ्यात जास्त या माझ्या शहाण्या पोराचा. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने उजवा हात पुढे करून पाहिला, मूठ उघडली, मिटली.

"आज माझा आर्म इतका फ्रेश होता ना," तो म्हणाला.

सुमंतने गाडी बाजूला घेतली.

वीरच्या कोपरातला अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, अर्धवट फाटला होता. दीपाने फोन करून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, ऑपरेशन टळेल, पण उन्हाळाभर क्लबमध्ये टाकत राहिला असता तर सांगता आलं नसतं. सांगताना ती रडली आणि मीही रडले. प्रतापचा फोन आला नाही. मी त्याची वाट बघत नव्हते असं म्हणणार नाही.

ऑगस्टच्या शेवटी, सिद्धेश कॉलेजला जायच्या आदल्या दिवशी, दुपारी बेल वाजली. दारात वीर उभा होता, हातात ग्लोव्ह. मागे प्रताप.

"काकू, सिद्धेश आहे? मला थोडं थ्रो करायला अलाउड आहे. हळू. मला पार्टनर पाहिजे."

मी सिद्धेशला हाक मारली. दोघं परसात गेले. प्रताप कुंपणाशी उभा राहिला. मी चहा ठेवला, पण त्याला आत बोलावलं नाही. तेवढी मोठी मी नाही.

वीर जवळून, हळूहळू बॉल टाकत होता आणि प्रत्येक बॉलला प्रताप आकडा म्हणत होता. मोठ्याने, एकही न चुकवता. डॉक्टरांनी ठरवून दिलेले झाले तेव्हा तो म्हणाला, "बस. आजचे झाले." वीरने लगेच हात खाली घेतला. उजवा हात होता आणि खाली सरळ लोंबत होता. मी खिडकीतून नीट बघून घेतलं.

मग वीर कुंपणाच्या पार टोकापर्यंत चालत गेला, तिथे उकिडवा बसला आणि डाव्या हातातला ग्लोव्ह त्याने समोर धरला.

"नाऊ यू," तो सिद्धेशला म्हणाला. "फुल स्पीड."

सिद्धेश नुसता उभा राहिला. बॉल त्याच्या हातात होता. त्याने एकदा घराकडे पाहिलं, एकदा प्रतापकडे. प्रतापने मान खाली घातली होती.

मग त्याने पाय उचलला आणि टाकला. ग्लोव्हमध्ये असा आवाज झाला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. वीरने हात झटकला, बॉल गवतावरून हळूच घरंगळत परत पाठवला आणि पुन्हा ग्लोव्ह धरला. दुसरा आला. तिसरा आला. कुंपणाशी प्रतापच्या तोंडून सवयीने आकडे निघाले, "दोन... तीन." चहा उतू गेला आणि मी गॅस बंद केला नाही. माझ्या पोराचा हात मी त्या अख्ख्या वर्षात पहिल्यांदा बघत होते, आणि तो किती सुंदर होता हे मला तेव्हा कळलं.

प्रताप केव्हाच मोजायचा थांबला होता.