तारेने बांधलेली पाठ

मित्रांनो, मी जुनी आहे, लोखंडाची आहे आणि खाट आहे. यातल्या एकाही गोष्टीची मला लाज वाटत नाही. लाकडी पलंग नक्षीचा तोरा मिरवतात. त्यांनी माझ्यासारखा भार एक दिवस वाहून दाखवावा, मग बोलू. मला अक्षर वाचता येत नाही. पण माझ्यावर आडव्या झालेल्या माणसाची पाठ मी बरोबर वाचते, आणि पाठीला खोटं बोलता येत नाही.

एका कारखान्यात माझ्या नळ्या वाकवल्या, सांधे जोडले, पांढरा रंग दिला आणि पायथ्याशी एक हँडल बसवलं. ते फिरवलं की माझ्या पोटाखालचा लांब स्क्रू फिरायचा आणि माझी पाठ, म्हणजे डोक्याकडचा अर्धा भाग, हळूहळू वर उचलली जायची. पडलेला माणूस कुणी न ओढता उठून बसायचा. दवाखान्यात मी बावीस वर्षं काढली. काल ज्याला पाणी गिळवत नव्हतं, तो आज मला टेकून चहा प्यायचा आणि वर साखर कमी आहे म्हणून कुरकुरायचा. सिस्टर म्हणायच्या, सात नंबरची खाट कधी अडत नाही. एवढं कौतुक मला जन्माला पुरलं.

मग बटणावर चालणाऱ्या खाटा आल्या आणि मला मागच्या अंगणात उभं केलं. तिथून एका सायकल दुरुस्त करणाऱ्याने मला आपल्या आईसाठी घरी आणलं. आणताना दारात आपटून माझा एक पाय वाकला, तो तेव्हापासून डुगडुगतो. पहिल्याच दिवशी हँडल त्याच्या नडगीला लागलं. कारागीर माणूस, त्याच्या हातून काही वाया जात नाही. पण हे कशासाठी आहे, एवढं विचारायला त्याला सवड नव्हती. त्याने हँडल काढलं आणि दुकानापुढची ताडपत्री गुंडाळायच्या दांडीला बसवलं. माझी पाठ खडखडते म्हणून ती तारेने करकचून बांधून टाकली. अकरा वर्षं मी एक साधी, सपाट खाट होऊन राहिले. आपण काय करू शकतो हे ठाऊक असून गप्प पडून राहणं काय असतं, ते मला विचारा.

त्याची आई मात्र माझ्या तोलाची निघाली. शाळेची पायरी तिने दुसरीत सोडली, पण घरातल्या कुणाची तिच्यापुढे बोलायची टाप नव्हती. आम्हा दोघींत जीभ एकच होती, तिची. मत मात्र दोघींचं एक.

मग एका सकाळी न्हाणीघरात तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की दिवसातून पाच-सहा वेळा हिला उठवून टेकवून बसवा, नाहीतर छातीत कफ साचेल. सांगणं सोपं. तिला उठवायला दोन माणसं लागायची. मुलाच्या कमरेचा मणका सरकलेला. सून पहाटे बेकरीत जायची ती संध्याकाळी यायची. राहिली नात, नुकतीच बारावी झालेली. बाप नावाला हात लावायचा, भार सगळा पोरीच्या दंडावर.

आणि तेवढ्यात पोरीला विद्यापीठात नर्सिंगला जागा मिळाली. राहायचं तिकडेच, वसतिगृहात. तीन आठवड्यांनी, सोमवारी हजर व्हायचं होतं.

मित्रांनो, मग आमच्या खोलीत जी तयारी सुरू झाली ती मी कधी विसरणार नाही. कॉलेजची यादी भिंतीवर चिकटवली. आवाज न करणारे काळे बूट, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, नखं कापलेली, केस जाळीत, लस टोचल्याचं कार्ड. कोपऱ्यावर राहणाऱ्या निवृत्त सिस्टरनी पहिल्या वर्षाचं जाडजूड पुस्तक दिलं. पोरीने बँडेज बांधायचा सराव माझ्या पायांवर केला. आठवडाभर मी चारही पाय मोडल्यासारखी उभी होते. हाडांची नावं पाठ करताना ती आजीच्या अंगावर बोट ठेवत जायची. खुब्याशी आली की आजी म्हणायची, इथं दुरुस्ती चालू आहे, पुढं जा.

नाडी मोजायलाही आजीचंच मनगट.

"मोजताना ओठ हलवू नकोस," आजीने तिला सांगितलं. "पेशंटला वाटेल, ही देवाचं नाव घेतेय, म्हणजे आपलं संपलं."

हसणं चालू होतं, पण पोरीच्या हाताचा भार मला वेगळा लागत होता. एका दुपारी आजीचा डोळा लागलेला पाहून ती माझ्या कडेवर कागद ठेवून लिहायला बसली. लिहिताना पुटपुटायची खोड तिची. घरच्या अडचणीमुळे मी ही जागा सोडत आहे, असं ती लिहीत होती. कागदाची घडी करून तिने ती गादीखाली सरकवली, शेवटच्या दिवशी पाठवू म्हणून. मी लोखंडाची, तरी मला गारठल्यासारखं झालं. उपाय माझ्याच पोटात होता आणि मला ओरडता येत नव्हतं.

ओरडलं ते पुस्तक. हजर व्हायला पाच दिवस उरले असताना पोरीने रुग्णाच्या खाटेचा धडा उघडला. त्यात एक चित्र होतं. तिने चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुस्तक टाकून ती सरळ माझ्याखाली शिरली. अकरा वर्षांची जळमटं तोंडावर घेऊन बाहेर आली ती दुकानाकडे हाका मारतच.

"बाबा, ह्या खाटेला हँडल होतं का?"

"होतं की. नडगी फोडायचं. ताडपत्रीला लावलंय."

आजीने मान वळवून लेकाकडे पाहिलं.

"म्हणजे अकरा वर्षं माझी उठबस तू दुकानाच्या दारात टांगून ठेवलीस होय रे?"

गावभरच्या सायकली खोलून जोडणारा माणूस, कानापर्यंत लाल झाला. त्याने हँडल आणलं, पक्कडीने तार तोडली, स्क्रूला रॉकेल पाजलं, वर ग्रीस चोपडलं. आजी खाटेवरून हलायला तयार नव्हती. पडायचं तर खाटेसकट पडू, म्हणाली.

पहिल्या फेरीला मी हललेसुद्धा नाही. गंजाने सांधे धरले होते. दुसऱ्या फेरीला करकर झाली आणि पोरीचा हात थबकला. मी मनाशी म्हटलं, सात नंबर, आज अडलीस तर भंगारात जाशील तेच बरं. तिसऱ्या फेरीला स्क्रू सुटला. माझी पाठ वर आली, एक बोट, चार बोटं, एक वीत. दर चार फेऱ्यांना पोरगी थांबायची, घड्याळाकडे पाहून नाडी मोजायची, चक्कर येते का विचारायची. या वेळी ओठ मिटलेले होते.

मग बापाने हँडल घेतलं. एका हाताने फिरवलं, कमरेला बाक न देता. आजीला खाली नेलं, पुन्हा वर आणलं.

"एकट्याला जमतंय," तो हळूच म्हणाला.

पोरीने तोंड फिरवलं. आजी कुणी न धरता ताठ बसून खिडकीबाहेर पाहत होती, नऊ आठवड्यांनी. समोरच्यांनी दार रंगवलंय, रंग चुकला, एवढा निकाल देऊन ती नातीकडे वळली.

"आता तो गादीखालचा कागद काढ. आठ दिवस टोचतोय मला."

पोरगी पांढरीफटक पडली. "तुला कसं कळलं?"

"मला वाचता येत नाही, ऐकू येतं. डोळे मिटले म्हणजे मेले नव्हते मी."

"फाडून टाकते."

"फाडतेस कशाला? चांगला जाड कागद आहे. घडी घाल आणि ह्या डुगडुगत्या पायाखाली सरकव."

उरलेल्या दिवसांत पोरीने बापाला माणूस न उठवता चादर बदलायला शिकवलं. तिसऱ्या खेपेला त्याला जमलं, आणि आईने त्याला पास केलं, काठावर. सोमवारी सकाळी बॅग खांद्याला लावून पोरगी निघाली, तेव्हा आजीने हुकूम सोडला की पूर्ण वर घे. बापाने हँडल शेवटच्या आट्यापर्यंत फिरवलं. रस्त्याच्या वळणापर्यंत पोरीचे ते काळे बूट दिसत राहिले. अकरा वर्षांनी मी पुरती ताठ उभी होते, आणि माझ्या आधाराने एक म्हातारी राणीसारखी बसली होती.

मित्रांनो, जुन्या वस्तूला तेल द्या, पण त्याआधी तिच्यापाशी बसून तिला काय काय येतं ते विचारा. माणसालाही विचारा. उगाच तारेने बांधून ठेवू नका.

माझा पाय आता डुगडुगत नाही. पोरगी जाणार नाही असं ज्या कागदावर लिहिलं होतं, त्याच कागदावर मी भक्कम उभी आहे.