अर्जदाराने समक्ष हजर राहावे

आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर संडास बांधायला परवानगी मिळत नव्हती, आणि ती नाकारणारा माणूस रोज माझ्याच हातचा चहा पिऊन कचेरीत जात होता.

आमचे हे बांधकाम परवानगी खात्यात आहेत. कुणाला गच्चीवर पत्रा टाकायचा असो की मागच्या अंगणात खोली काढायची असो, कागद यांच्याच टेबलावरून जातो. नातेवाईक म्हणतात, तुमचं काय बाई, कळसा काखेतच आहे, गावाला वळसा घालायला नको. कळसा काखेत आहे हे खरं. पण त्याचं झाकण उघडायला अर्ज करावा लागतो.

घर सासऱ्यांनी बांधलं तेव्हा खाली त्यांचा छापखाना होता, म्हणून संडास-बाथरूम वर. छापखाना गेला, सासरे गेले, जिना राहिला. मग सासूबाई पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. काठी घेऊन त्या सपाटीवर चालतात, पण जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. त्यांची कॉट आम्ही खालच्या खोलीत टाकली. सकाळ-संध्याकाळ हे त्यांना उचलून वर नेतात आणि उचलून खाली आणतात. दिवसा हे कचेरीत असले की मी भांडं देते. ते आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता उरकतो.

सासूबाई मुलींच्या शाळेत कवायतीच्या बाई होत्या. अख्ख्या शाळेला एका शिट्टीवर उभं करणारी बाई. आता मुलाच्या हातांवर आडवी होऊन जिना चढते आणि तेवढा वेळ भिंतीकडे बघते. दाराला कडी लावायची नाही, हाही डॉक्टरांचाच हुकूम. मग हे अर्धवट उघड्या दाराकडे पाठ करून उभे राहतात आणि आईला करमावं म्हणून त्या दिवशी कुणाकुणाचे अर्ज फेटाळले ते सांगतात.

आतून आवाज येतो, "अरे, तू जरा गप्प बस. तू बोलायला लागलास की माझं काही होत नाही."

यांना त्याचं काही वाटत नाही. उलट आईला खाली ठेवून आले की हे चक्क गुणगुणतात. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. सासूबाईंनी यांना लहानपणी मांडीवर घेतलं असेल, नाही असं नाही, पण घेतलं तरी पाठीत बाक येऊ नये म्हणून सरळ बसवलं असेल.

खाली संडास बांधायचं ठरलं तेव्हा गवंडी म्हणाला, "वहिनी, आठवड्यात उभा करतो. साहेबांच्याच घरी कोण येणार बघायला?"

हे म्हणाले, "मी येणार."

म्हणून रीतसर अर्ज केला. घर सासूबाईंच्या नावावर, तेव्हा अर्जदार त्या. यांच्या कचेरीतल्या ज्युनिअरने कागद बघितला, साहेबांच्या घरचा आहे म्हणून कपाळाला लावायचा तेवढा बाकी ठेवला, आणि न वाचता शिक्का उचलला. हे शेजारच्या टेबलावरून बघत होते. "न वाचता पास करता?" म्हणून यांनी त्याला झापलं, फाइल स्वतःकडे घेतली आणि नाकारली.

आता मला सांगा, जगात असा एक तरी माणूस असेल का? शहाणा असता तर डोळे मिटून बसला असता. अतिशहाणा असता तर फाइल मोठ्या साहेबांकडे पाठवून मोकळा झाला असता. यांना दोन्ही जमलं नाही, कारण यांच्या मते नीट वाचणारा कचेरीत दुसरा कुणी नाही.

नकाशावर उत्तर दिशेचा बाण नव्हता, ही पहिली हरकत. संध्याकाळी यांनी तो पोस्टाने यायचा हरकतीचा कागद माझ्या हातात दिला, पोस्टाचा वेळ वाचवला म्हणाले. मी नकाशावर बाण काढवून घेतला. मग खिडकी लहान निघाली. खिडकी मोठी केली. मग सांडपाण्याचा पाइप शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून जातो, तर शेजाऱ्यांची संमती हवी. शेजारी चष्म्याचं दुकान चालवतात. त्यांच्या जिन्यावरच्या छपराचा अर्ज यांनीच फेटाळलेला, त्यामुळे मी तोंड लहान करून गेले.

चष्मेवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच सही केली. "वहिनी, मला वाटायचं साहेबांचा माझ्यावर राग आहे," ते म्हणाले. "आज जीव भांड्यात पडला."

मी फाइल यांच्यासमोर आपटली. यांनी चष्मा पुसला, पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि शेवटच्या पानावर थांबले.

"अर्जदाराची सही जुळत नाही."

"काय?"

"घराच्या जुन्या कागदांवर आईची सही आहे. ही तशी नाही."

"अहो, त्या पडल्यापासून हात थरथरतो त्यांचा! तुमच्यासमोर केलीय ही सही. तुम्हीच पेन दिलंत!"

"ते मला माहीत आहे," हे म्हणाले. "फाइलला माहीत नाही. सही जुळत नसेल तर अर्जदाराने समक्ष हजर राहावे, असा नियम आहे."

मी त्या दिवशी जेवले नाही. भांडायचं तरी कुणाशी? दगडावर डोकं आपटलं तर दगड निदान नियम सांगत नाही. पण सासूबाईंनी कॉटवरून सगळं ऐकलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझी इस्त्रीची पांढरी साडी काढ. आणि त्याला सांगू नकोस."

कचेरी दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण तिला अजून परवानगी मिळालेली नाही. चष्मेवाल्यांनी दुकान बंद ठेवलं आणि खुर्ची घेऊन आले. खाली फाटकाशी रिक्षातून सासूबाई उतरतात तोच शिपायाने वर वर्दी दिली, आणि हे दोन-दोन पायऱ्या टाकत खाली धावत आले. हात पुढे केलेलेच होते.

सासूबाईंनी काठी आडवी धरली. "साहेब, तुम्ही वर जाऊन बसा. अर्जदार आहे मी."

"आई, काहीतरीच काय. मी नेतो ना."

"वर जा म्हटलं ना."

हे वर गेले. शिपायाने आणि चष्मेवाल्यांनी खुर्ची उचलली, मी मागून धरली, आणि सासूबाई शाळेच्या संचलनाला निघाल्यासारख्या ताठ बसून दुसऱ्या मजल्यावर पोचल्या. तिथे पाच-सहा माणसं आधीची होती. ती उठून बाजूला झाली, तर सासूबाईंनी त्यांना खाली बसवलं आणि आपला नंबर येईपर्यंत थांबल्या.

नंबर आला. यांनी फाइल उघडली. चेहरा कोरा. पण मी बायको आहे, मला कान लाल झालेले दिसत होते.

"अर्ज तुमचाच का?"

"माझाच."

"बांधकाम कशासाठी?"

"लिहिलंय त्यात."

"समक्ष विचारावं लागतं."

सासूबाईंनी काठी मांडीवर नीट ठेवली. "साहेब, माझा मुलगा मला रोज उचलून वर नेतो. मुलगा गुणी आहे. कधी कुरकुर नाही केली त्यानं. मला उचललं की त्याला बरं वाटतं, ते कळतं मला. लहानपणी मी त्याला फारसं जवळ घेतलं नाही, तेही कळतं. पण मला लाज वाटते हो. मरेपर्यंत दार लावून बसता यावं, एवढंच काम आहे माझं."

ज्युनिअर उगीच कागद चाळत राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि यांचा रागही आला, आणि दोन्ही एकदम कसं येतं याचाही राग आला. हे फाइलकडे बघत होते. कारणाच्या रकान्यात यांनी काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि पुन्हा लिहिलं. काय लिहिलं ते मी नंतर बघितलं: 'अर्जदाराची गरज'.

"इथे सही करा," हे म्हणाले.

सासूबाईंनी पेन घेतलं. हात घरी थरथरायचा त्याहून जास्त थरथरत होता. यांनी बोटांनी कागदाचा कोपरा दाबून धरला. पहिलंच अक्षर रेघेखाली घसरलं, पुढचं त्याच्या अंगावर चढलं, आणि आडनाव निम्म्यात दमलं. यांनी जुना कागद शेजारी ठेवला. त्यावरची सही छापल्यासारखी सरळ होती. दोन्हींकडे हे आळीपाळीने बघत राहिले. चष्मेवाल्यांनी मान लांब केली, बघितलं, आणि हळूच मागे घेतली. नजर तपासायचा त्यांचा धंदाच आहे, पण त्याची गरज नव्हती. आंधळ्यालाही कळलं असतं.

यांनी पेन उचललं आणि फाइलवर लिहिलं: 'समक्ष पडताळणी केली. सही जुळते.' खाली स्वतःची सही, तारीख. शिक्का मारला. ज्युनिअर तोंड उघडं टाकून बघत होता.

सासूबाईंनी ते उलट्या बाजूने वाचलं. त्यांनी तेवढ्या वेळात एकदाही भिंतीकडे बघितलं नाही.

"झालं काम?"

"झालं."

"आता जेवणाची सुट्टी असेल ना तुझी?"

यांनी मान हलवली.

"मग चल. खाली ने मला. आज माझी हरकत नाही."

यांनी वाकून आईला उचललं. सासूबाईंनी एक हात यांच्या गळ्यात टाकला आणि पडल्यापासून पहिल्यांदाच डोकं यांच्या खांद्यावर ठेवलं. पायऱ्यांवरची माणसं भिंतीला टेकून वाट देत होती. मी आणि चष्मेवाले रिकामी खुर्ची घेऊन मागून उतरत होतो. हे फार हळू उतरत होते, आणि आम्ही काही घाई केली नाही.