घाटावर मागे राहिलेली सावली

"आता मी जे सांगणार आहे, ते तुमच्यातल्या एकालाही खरं वाटणार नाही," ओतोनिएलने सुरुवात केली. दुकानाच्या बाकावरच्या बेलार्मिनोने गुळाच्या गरम पाण्यात चीजचा तुकडा बुडवला आणि मान डोलावली. ओतोनिएलचं बोलणं खरं वाटावं अशी अपेक्षा तिबाचोके गावात कुणी ठेवलेलीच नव्हती.

पण आज ओतोनिएलला गोष्ट खपवायचीच होती. गुरुवारी कार्मेनच्या मातेचा सण. त्या दिवशी गावातली यच्चयावत चाकं फुलांनी सजून चर्चपुढे रांग लावतात, आणि पाद्री एकेका गाडीवर तीर्थ शिंपडतात. सायकलींच्या रांगेत सगळ्यांत पुढे, निशाण धरून, बावीस वर्षं ओतोनिएलच असायचा. यंदा कसंही करून ते निशाण दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं होतं. कारण तीर्थ घ्यायला चर्चच्या दारात, सगळ्या गावादेखत, थांबावं लागतं.

चाळीस वर्षं त्याने लोखंडी सायकलवर दुधाचे दोन कॅन बांधून डोंगरातली घरं पालथी घातली होती. एवढ्या वर्षांत कॅनमधल्या दुधावरची साय कधी मोडली नाही असं तो सांगे, आणि त्यात लबाडी फारच थोडी होती. मग त्याने काम सोडलं. दूधवाल्यांनी वर्गणी काढून त्याला शर्यतीची नवी सायकल दिली. हलकी एवढी, की दोन बोटांवर उचलावी. सोबत बूटही. बुटाच्या तळाची पट्टी पायडलमध्ये टक्कन बसते आणि पाय तिथेच अडकतो. सोडवायचा तर टाच बाहेर झटकायची. चाळीस वर्षं जो पाय थांबताना नुसता खाली टेकत आला, त्याला हे झटकणं ऐन वेळी आठवेना.

पहिल्यांदा तो पडला दूध केंद्रापुढे, सायकल भेट मिळाली त्याच दिवशी. लोक टाळ्या वाजवत होते, त्याने ऐटीत एक फेरी मारली, थांबला आणि तोडलेल्या झाडासारखा सावकाश आडवा झाला. सगळ्यांना नीट बघता येईल इतका सावकाश. दुसऱ्यांदा शाळेच्या भिंतीशी. तिसऱ्यांदा याच दुकानाच्या दारात, बटाट्याच्या पोत्यांवर. पाय अडकलेला, सायकल अंगावर, आणि तो उलट्या पडलेल्या किड्यासारखा हातपाय हलवत होता. दुकानदारीण दोन्या एर्मेन्सिया बाहेर आली, खाली बसली, बुटाचे बंद सोडून तिने त्याचा पाय बाहेर काढला. बूट पायडलवरच लटकत राहिला. ती हसली नाही. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. हसली असती तर बरं झालं असतं, असं त्याला त्या दिवसापासून वाटत होतं.

चौथ्यांदा तो पडला तेव्हा फक्त एक गाय बघत होती. त्याने तिची माफी मागितली.

त्यानंतर तो सायकलवर बसलाच नाही. रोज सकाळी चकचकीत कपडे घालून निघायचा, गावाबाहेर जाऊन सायकल हाताने ढकलत पहिल्या वळणामागच्या खडकापर्यंत चालत जायचा. तिथे लोकरीचा रुआना पांघरून दोन तास पाव खात बसायचा. परतताना ओढ्याचं पाणी तोंडावर मारायचा, घामासारखं दिसावं म्हणून. दूधवाले वाटेत भेटले, की सायकल कशी पळते म्हणून कौतुकाने विचारत. तो अंगठा वर करायचा, आणि दिवसभर त्या अंगठ्याचीच त्याला लाज वाटत राहायची.

"तर काल पहाटे मी वर पारामोच्या गार माळावर गेलो," त्याने आवाज चढवला. वर धुकं एवढं दाट होतं, की सुरीने कापून वाट काढावी लागली, असं त्याने सांगितलं. उताराला लागल्यावर धुकं पाठीमागे लागलं, पण सायकलपुढे त्याचं काही चालेना. सातव्या वळणावर दमून बसलं बिचारं. एका ससाण्याने शर्यत लावली आणि हरल्यावर तो लाजेने पायीच घरी गेला. बेलार्मिनोने ससाण्यावर हरकत घेतली नाही. त्याने फक्त विचारलं, की या सगळ्याचा निशाणाशी काय संबंध.

"अरे कोंपाद्रे, तेच तर सांगतोय." ओतोनिएलच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला बेलार्मिनो तिचा धर्मपिता झाला होता, म्हणून ओतोनिएल त्याला अशीच हाक मारी. "ही सायकल मिरवणुकीतली नाहीच. हिला हळू चालणं ठाऊकच नाही. मी पुढे राहिलो तर पाद्रीबाबांचं तीर्थ मागच्यावर पडेल. निशाण तू घे. माझ्यासाठी नाही, गावासाठी घे."

बेलार्मिनो कप खाली ठेवून विचार करू लागला. आता घेतोच म्हणणार, असं दिसलं. ओतोनिएलच्या छातीवरचा धोंडा जरासा हलला. इथेच तो गप्प बसता तर निभावलं असतं. पण चांगली चाललेली गोष्ट मध्येच सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"वेग तरी किती म्हणशील? खाली पुलाशी आलो आणि बघतो तर माझी सावली बरोबर नाही. वरच्या वळणावरच राहिलेली. सावलीशिवाय गावात कसं यायचं? मग थांबलो पुलाशी, एक पाय कठड्यावर टेकवून, आणि ती येईपर्यंत शीळ वाजवत उभा राहिलो."

गल्ल्यामागे दोन्या एर्मेन्सिया बटाटे निवडत होती. तिचे हात थांबले. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशी बुटाचे बंद सोडताना पाहिलं होतं, अगदी तसंच.

"धुकं दमलं, ससाणा पायी गेला, सावली मागे राहिली, हे सगळं मी मानते, ओतोनिएल," ती हळू आवाजात म्हणाली. "पण थांबलात, हे खोटं आहे."