काशीने माझ्यावर घडवलेली चावी

मी एक जुना, लहानसा लेथ आहे, मित्रांनो, आणि आयुष्यात मला सगळ्यात जास्त काय आलं असेल, तर किळस.

लोखंडाचा तुकडा जबड्यात धरून गरगर फिरवायचा आणि माणसाने त्याला धारदार टूल टेकवून हवा तो आकार द्यायचा, हे माझं काम. मुंबईतल्या एका कारखान्याने मला मोडीत काढलं, तेव्हा दिवाळे गावच्या फजलभाईंनी मला होडीतून खाडीपार आणलं. साठ सालानंतरचे ते दिवस. नवी मुंबईचं नावही तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हतं. होड्यांना नुकतीच इंजिनं बसू लागली होती आणि फजलभाई किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती दुरुस्त करीत.

खारा वारा मी सोसला. सुकत्या मासळीचा वासही सोसला. सोसवला नाही तो जयदेव, फजलभाईंचा भागीदार. तंबाखूची पिंक तो सरळ माझ्या खालच्या ट्रेमध्ये टाकी. लोखंडाचा कीस त्या लाळेत भिजून लालभडक गंजे. माझ्या गुळगुळीत बेडवर, म्हणजे माझ्या पाठीवरच, हातोड्याने तो खिळे सरळ करी. मला शिसारी येई. पण पळून जायला पाय कुठे होते?

माझा जबडा, म्हणजे चक, आवळायला एक चावी असते. आवळून झालं की ती काढून ठेवायचीच. एकदा जयदेवने ती तशीच चकमध्ये ठेवली आणि मला फिरवणारा तेलाच्या इंजिनाचा पट्टा चढवला. चावी सुटली ती समोर उभ्या असलेल्या फजलभाईंच्या डाव्या डोळ्यावर बसली. डोळा गेला. आणि जयदेव काय म्हणाला? "मशीनच्या म्होरं उभं कशाला रायचं?" माझ्यावर उडालेलं रक्त त्याने मासळीच्या ओल्या पोत्याने पुसलं. तो लिबलिबीत स्पर्श अजूनही अंगावर आहे.

फजलभाई कामावर परतले, पण एका डोळ्याने त्यांना टूल आणि लोखंड यांतलं अंतर कळेना. शेडमध्ये चांगदेव कोळ्याचं इंजिन एका पिनेसाठी उघडं पडलं होतं आणि त्याची होडी चिखलात बसून होती. जयदेव कामाला हात लावीना. चांगदेवची बायको काशी मासळी विकून परतताना रोज विचारायला येई. शेवटी एकदा तिने टोपली खाली ठेवली.

"फजलभाय, तुमचा एक डोला गेला, इद्या तं नाय गेली. मना शिकवा."

"तुजे हाताला म्हावऱ्याचा वास हाय," जयदेव हसला.

"वास धुतला का जातो. तुजी ही घान कोन धुतंय?"

धुतली तिनेच. ट्रे राखेने घासला, बेडवर तेलाचं फडकं फिरवलं. कितीतरी दिवसांनी मला माझं अंग माझं वाटलं.

पहिलाच तुकडा तिने बिघडवला. टूल लोखंडात रुतलं आणि मी किंचाळलो.

"आवाज ऐक, काशी," फजलभाई म्हणाले. "टूल खाली बसलंय. त्याच्याखाली पत्र्याची पट्टी सरकव."

तिने पट्टी सरकवली. लोखंडाची साल वेटोळी होऊन अलगद उतरू लागली. हात बसल्यावर ती म्हणाली, "इंजिनाचं मागून. पयली नवी चावी करू. हात सुटला का आपसूक भायेर पडंल अशी."

फजलभाईंनी डब्यातली एक स्प्रिंग शोधून तिच्या हातात दिली. काशीने चावीच्या टोकाला पायरी कापली आणि तिच्यावर ती स्प्रिंग चढवली. दाबून धरली तरच चावी चकमध्ये राहायची. मग इंजिनाची पिनही झाली आणि चांगदेवची होडी पाण्यात गेली.

पुढे एका सकाळी काशी माझ्यासमोर उभी राहून टूल लावत होती. जयदेवने चक आवळला, चावीवरचा हात काढला आणि मागे न बघता पट्टा चढवला. चावी केव्हाच खाली ट्रेमध्ये पडली होती. काशीचा चेहरा पांढरा पडला.

"काय झालं नाय ना?" जयदेव खिदळला आणि ट्रेमध्ये थुंकला.

कधी आवाज न चढवणाऱ्या फजलभाईंनी त्याची मान धरून त्याला दाराबाहेर काढलं. "पुन्हा या शेडमध्ये पाय ठेवू नकोस."

मित्रांनो, यंत्राला हात लावा, जरूर लावा. पण चालू करण्याआधी मान वर करा आणि समोर कोण उभं आहे, ते बघा.