पिवळ्या पट्ट्या

सनी माझ्या पोटचा पोरगा, पण त्या दिवशी त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली मला.

त्याच्या बापाला, म्हणजे आमच्या ह्यांना, पार्किन्सन आहे. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात, दारात तर हमखास. रोज सकाळी मी त्यांचे पाय धुते, बोटांच्या बेचक्या कोरड्या करते, घोटे गोल फिरवून घेते. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी आतल्या खोलीपासून हॉलपर्यंत फरशीवर आडव्या पिवळ्या पट्ट्या चिकटवायला सांगितल्या. पट्टी दिसली की ती ओलांडायला हे पाय उचलतात, आधी टाच टेकवतात, आणि चालतात हो! चाकणच्या कंपनीत जन्म गेला, तिथं चालायची वाट पिवळ्या पट्टीनं आखलेली, तिच्यावर नजर ठेवूनच चालायची सवय.

आमच्या लेकीला, मिनलला, बघायला तळवड्याचे पाहुणे येणार होते. ह्यांनी दाढी करून घेतली. "मी माझ्या पायानं बाहेर येणार," म्हणाले. मी कोथिंबीर आणायला खाली गेले, तेवढ्यात सनीनं सगळ्या पट्ट्या खरवडून टाकल्या!

वर मलाच शिकवतो, "आई, घरात आजार आहे कळलं की स्थळ हातचं जातं. बाबा आत झोपू देत. गावाला गेलेत म्हणून सांगू."

"जित्या बापाला गावाला धाडतोस? लाज नाही वाटत?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण बेल वाजली.

पाहुण्यांपुढं मिनल पोहे घेऊन आली आणि आतल्या दारात हे उभे. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. पाऊल काही उठेना. सगळे बघत राहिले. सनीनं मान खाली घातली.

मिनलनं ट्रे ठेवला आणि आपलं पाऊल त्यांच्यापुढं आडवं धरलं. "बाबा, ओलांडा." हे मानेनंच नाही म्हणाले. लेकीला पाय लागेल ना!

मग मात्र माझा ताबा सुटला. "मिने, तू सरक. सन्या, इकडं ये. पट्ट्या तू काढल्यास ना? ठेव आता तुझा पाय." पाहुण्यांनाही ठणकावलं, "ह्यांना पार्किन्सन आहे. चोरी नाही केलेली."

सनी उठला. त्यानं पाय आडवा ठेवला, ह्यांनी ओलांडला. तो मागं सरकला, पुन्हा पाय ठेवला. असं करत सोफ्यापर्यंत आले. दोघंही घामाघूम.

ह्यांनी हात जोडले.

"जय भीम. मी मिनलचा बाप."